खाडीचे मीठ आणि पुलाचे पोलाद

लखनौ : समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लखनौमध्ये उत्तर प्रदेश राज्य सेतू निगमाचे मुख्यालय आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेल्या या संस्थेचा बहुतेक अनुभव गंगा, यमुना, घाघरा, गोमती अशा गोड्या पाण्याच्या नद्यांवरील पुलांचा. तरीही तिच्या मोठ्या कामांत एका खाऱ्या पाण्यावरील पुलाची गणना होते. मानखुर्द आणि वाशी यांना जोडणारा, १९९७ मध्ये वाहतुकीला खुला झालेला ठाणे खाडीवरील दुसरा पूल हे ते काम. मुंबईहून पुणे, कोकण किंवा गोव्याकडे निघालेला प्रवासी हा १,८३७ मीटर लांबीचा काँक्रीटचा पूल अनेकदा ओलांडतो. तो पुलाकडे फारसे लक्ष देत नाही, लक्ष जाते ते पथकर नाक्यावरील रांगेकडे.

मात्र या पुलाच्या शेजारीच १९७३ मध्ये खुला झालेला पहिला पूल होता. काँक्रीटचा पूल शंभर वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते. असे असताना अवघ्या दोन-अडीच दशकांत तेथे दुसरा पूल का बांधावा लागला? वाढती वाहतूक हे त्याचे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर खाडीच्या पाण्यातील मिठात आणि काँक्रीटच्या पोटातील पोलादात दडलेले आहे. गोव्यातील मांडवी, बिहारमधील गंगा, पॅसिफिक महासागरातील पलाऊ आणि नॉर्वेचे फ्योर्ड येथेही या उत्तराचे धागे सापडतात.

नदी, खाडी आणि फ्योर्ड

नदीवरील पुलाला मुख्यतः प्रवाहाशी झुंजावे लागते. पुराचा लोंढा खांबांभोवतालची वाळू उकरतो, म्हणून पाया खोल न्यावा लागतो. खाडीत प्रवाहाचा जोर तुलनेने कमी असला तरी तेथे दररोज दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. खांबाचा ठरावीक भाग ओला होतो, वाळतो आणि पुन्हा ओला होतो. प्रत्येक वाळण्याबरोबर पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते.

फ्योर्ड हे खाडीचे उत्तरेकडील थंड प्रदेशातील भावंड म्हणता येईल. हिमनद्यांनी डोंगर कोरून केलेल्या खोल दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरले आणि फ्योर्ड तयार झाले. नॉर्वेतील सोग्नेफ्योर्डची खोली १,३०० मीटरपर्यंत जाते. एवढ्या खोल पाण्यात मध्ये खांब उभारणे अशक्यप्राय असते. त्यामुळे तेथील अभियंत्यांपुढे मोजकेच मार्ग राहतात. पाणी एकाच लांब गाळ्यात ओलांडायचे, किंवा पूल पाण्यावर तरंगता ठेवायचा. बर्गन शहराजवळचा, १९९४ मध्ये खुला झालेला नूर्दहूर्दलान पूल काही अंतर काँक्रीटच्या पोकळ तराफ्यांवर तरंगत जातो, कारण तेथे फ्योर्डची खोली सुमारे ५०० मीटर आहे.

ठाणे खाडी त्या मानाने उथळ आणि चिखलाची. तिच्या काठच्या दलदलीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. येथे मध्ये खांब उभारता येतात. तरीही भरतीच्या पाण्यात प्रत्येक खांबासाठी पाया घेणे खर्चिक आणि जिकिरीचे असल्याने खांब शक्य तितके कमी आणि गाळे शक्य तितके लांब ठेवण्याकडे कल असतो. म्हणूनच फ्योर्डवरील आणि खाडीवरील काँक्रीट पुलांची बांधणी एकमेकांशी नाते सांगते.

कावडीसारखा तोल

लांब गाळ्याचा काँक्रीट पूल पाण्यावर कसा उभारतात, हे समजण्यासाठी खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणावा. दोन्ही टोकांना सारखे वजन असेल तर कावड तोलून राहते. अभियंते आधी खांब उभारतात आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा जोडत जातात. डावीकडे एक, उजवीकडे एक. खालून आधाराची परांची लागत नाही, त्यामुळे पाणी कितीही खोल असले तरी काम थांबत नाही. दोन शेजारच्या खांबांवरून निघालेले हात मध्यभागी भेटले की गाळा पूर्ण होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन अभियंता उलरिख फिन्स्टरवाल्डर यांनी ही पद्धत काँक्रीटसाठी रुळवली. ऱ्हाइन नदीवर बेन्डोर्फ येथे १९६५ मध्ये याच पद्धतीने २०८ मीटरचा गाळा उभारण्यात आला. नॉर्वेने तिचा फ्योर्ड आणि सामुद्रधुन्यांसाठी पुरेपूर उपयोग करून घेतला. तेथील १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या स्टोल्मा पुलाचा मुख्य गाळा ३०१ मीटर लांब आहे. मध्यभागाचे वजन कमी राहावे यासाठी तेथे हलक्या खडीचे काँक्रीट वापरण्यात आले.

हे हात खाली झुकू नयेत म्हणून काँक्रीट आधीच दाबून ठेवावे लागते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, मात्र ताण पडला की त्याला तडे जातात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात, ती थंड होऊन आकसते आणि चाकाचे सारे भाग घट्ट आवळून धरते. त्याच न्यायाने काँक्रीटमध्ये ठेवलेल्या नळ्यांतून उच्च ताकदीच्या पोलादी तारांच्या केबली ओवतात, त्या यंत्राने ताणतात आणि टोकांना पक्क्या करतात. ताणलेली केबल आकसू पाहते आणि काँक्रीटला आवळून धरते. यालाच प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणतात. फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

या पद्धतीचे बळ केबलींत आहे, तसाच तिचा धोकाही केबलींतच आहे. साध्या सळईच्या काँक्रीटमध्ये गंज चढला तर आधी तांबूस डाग दिसतात, मग पृष्ठभागाला तडे जातात, पापुद्रे सुटतात. दुरुस्तीला वेळ मिळतो. ताणलेल्या तारेचे तसे नाही. ती सतत मोठ्या ताणाखाली असते. तिचा थोडासा भाग जरी गंजाने खाल्ला गेला, तरी ती एकाएकी तुटू शकते. शिवाय ती नळीच्या आत, काँक्रीटच्या पोटात असते. पाहणी करणाऱ्याला ती दिसत नाही.

मीठ आत कसे शिरते

ताज्या, सुदृढ काँक्रीटमध्ये पोलाद गंजत नाही. सिमेंटमुळे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. हा थर शाबूत असेपर्यंत हवा आणि ओल असूनही पोलाद सुरक्षित राहते.

खाऱ्या पाण्यातील क्लोराइड हा या थराचा शत्रू आहे. काँक्रीट वरून दगडासारखे दिसत असले तरी ते सच्छिद्र असते. भरतीच्या पाण्याबरोबर आणि वाऱ्यावर उडणाऱ्या तुषारांबरोबर मीठ त्याच्या पृष्ठभागावर बसते आणि वर्षानुवर्षे आत झिरपत जाते. पोलादापर्यंत पुरेसे क्लोराइड पोहोचले की संरक्षक थर ठिकठिकाणी भेदला जातो आणि गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तो आतून काँक्रीट फोडू लागतो. पडलेल्या तड्यांतून आणखी मीठ आणि ओल आत शिरते.

सदैव पाण्याखाली असणाऱ्या भागाला यातून काहीसे अभय असते, कारण तेथे प्राणवायू फारसा पोहोचत नाही. सर्वाधिक मार बसतो तो भरती-ओहोटीच्या पट्ट्याला आणि त्याच्या वरच्या तुषारांच्या पट्ट्याला. तेथे मीठ, ओल आणि हवा ही तिन्ही एकत्र येतात. मुंबई आणि कोकणातील दमट उष्मा या क्रियेला आणखी वेग देतो.

लखनौच्या एका जुन्या कथेतून हा फरक लक्षात येतो. अवधचे नवाब सआदत अली खान यांनी गोमतीसाठी इंग्लंडहून ओतीव लोखंडाचा पूल मागवला होता. त्याची रचना अभियंता जॉन रेनी यांची. नवाबांचे १८१४ मध्ये निधन झाले. त्यानंतर लखनौत पोहोचलेले पुलाचे सुटे भाग सुमारे तीन दशके जोडणीविना पडून होते. अखेर १८४०च्या दशकात त्याच भागांचा पूल गोमतीवर उभा राहिला. ओतीव लोखंड आणि पोलादी तार यांची तुलना काटेकोर ठरत नाही. तरीही समुद्रापासून दूरच्या प्रदेशात तीस वर्षे पडून राहिलेले लोखंड कामास आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खाडीवर ही मुभा मिळत नाही.

ठाणे खाडीचा पहिला धडा

ठाणे खाडीवर पहिला पूल होण्यापूर्वी मुंबईतून पुण्याकडे जाणारी मोटार ठाण्याला वळसा घालून जात असे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याचा बेत आखला गेला. त्या बेताचा कणा म्हणजे हा पूल होता. १९७३ मध्ये तो खुला झाला आणि मुंबई बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा थेट पूर्वेकडचा रस्ता मिळाला.

मात्र थोड्याच वर्षांत पुलाच्या केबलींना गंज चढल्याचे आढळले. तुळयांना आधार देण्यासाठी नव्या केबली काँक्रीटच्या आत न घालता बाहेरून बसवून ताण देण्याचा उपाय करावा लागला. जड वाहतुकीचा भार दीर्घकाळ सोसण्याची त्याची क्षमता उरली नसल्याने पर्यायी पुलाची गरज अटळ ठरली. लखनौच्या सेतू निगमाने बांधलेला दुसरा पूल त्यातून आला. दरम्यान, १९९२ मध्ये खाडीवरील रेल्वे पुलावरून वाशीपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या होत्या. पुढे वाशीच्या दुसऱ्या पुलालाही वाहतूक पेलवेना. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने त्याच्या दोन्ही अंगांना नवे पूल उभारले. त्यांपैकी पुण्याकडे जाणारी मार्गिका २०२४ मध्ये आणि मुंबईकडे येणारी २०२५ मध्ये खुली झाली.

मांडवीवरील पहाट

ठाण्यात पूल मोडण्यापूर्वी इशारा मिळाला. गोव्यात तो हाती घेण्याइतका वेळ उरला नाही. पणजीला उत्तर गोव्याशी जोडणारा मांडवीवरील नेहरू पूल १९७०च्या दशकाच्या आरंभी वापरात आला होता. ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात, तो कोसळला. जेमतेम दीड दशकाचे त्याचे आयुष्य ठरले. मांडवी ही नदी असली तरी पणजीजवळ ती खाडीच असते. भरतीचे खारे पाणी पुलाच्या खालून पार आतपर्यंत जाते. गंज आणि गाळ्यांच्या टोकांवरील सांध्यांचा बिघाड यांची या दुर्घटनेच्या संदर्भात प्रामुख्याने चर्चा झाली.

पूल पडला तेव्हा पश्चिम किनाऱ्याचा राष्ट्रीय महामार्ग मध्येच तुटला. पणजी आणि बेतीदरम्यान पुन्हा फेरीबोटींवर भिस्त ठेवावी लागली. नवा पूल १९९२ मध्ये खुला होईपर्यंत शाळा, कचेरी, बाजार, रुग्णालय यांसाठी नदी ओलांडणाऱ्या गोमंतकीयांचे दिवस फेरीच्या वेळापत्रकाशी बांधले गेले. पूल म्हणजे नेमके काय, हे तो नसतानाच्या या वर्षांनी गोव्याला शिकवले.

बिजागरीचा दोष

सारा दोष मिठावर टाकणे मात्र योग्य होणार नाही. त्या पिढीतील अनेक पुलांत दोन हात मध्यभागी भेटत, तेथे ते एकजीव न करता बिजागरीसारखा सांधा ठेवला जात असे. त्यामुळे गणिते सोपी होत आणि तापमानानुसार पुलाला लांबी-आखूड होण्यास वाव मिळे. संगणकापूर्वीच्या काळात हा मोठा लाभ होता.

परंतु काँक्रीट सततच्या भाराखाली हळूहळू, वर्षानुवर्षे दबत राहते. मध्ये बिजागरी असेल तर दोन्ही हात त्याच जागी खाली झुकत जातात. रस्त्यावर खळगा तयार होतो, प्रत्येक जड वाहन तेथे आदळते, सांधा झिजतो, त्यातून पाणी खाली गळते आणि नेमक्या नाजूक ठिकाणी पोहोचते.

पाटण्याचा महात्मा गांधी सेतू गोड्या पाण्यावर, गंगेवर आहे. ५,५७५ मीटर लांबीचा हा पूल १९८२ मध्ये खुला झाला. त्याच्या सुमारे १२० मीटरच्या गाळ्यांतही मध्यभागी अशाच बिजागऱ्या होत्या. त्या खाली झुकत गेल्या, दुरुस्त्या होत राहिल्या आणि अखेर पुलाचा वरचा सारा काँक्रीटचा भाग उतरवून त्याच खांबांवर पोलादी सांगाडा चढवावा लागला. एक बाजू २०२० मध्ये, तर दुसरी २०२२ मध्ये खुली झाली. तेथे मीठ नव्हते, तरीही चार दशकांत पूल नव्याने करावा लागला.

पलाऊ या द्वीपराष्ट्रात मीठही होते आणि बिजागरीही. कोरोर आणि बाबेल्दाओब या बेटांना जोडणारा पूल १९७७ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्याचा सुमारे २४१ मीटरचा गाळा या प्रकारच्या काँक्रीट पुलांत जगात सर्वांत लांब होता. कालांतराने त्याचा मध्य एक मीटरहून अधिक खाली आला. १९९६ मध्ये त्याला सरळ करण्यासाठी नव्या केबलींनी ताण देण्यात आला. त्यानंतर काही महिन्यांतच, २६ सप्टेंबर १९९६ रोजी तो कोसळला आणि दोघांचा मृत्यू झाला. तेथे दुरुस्तीनेच पुलातील बलांचा जुना तोल बदलला होता. दुरुस्ती हीदेखील नव्या रचनेइतक्याच काळजीने करावी लागते, हा त्या घटनेचा बोध.

नॉर्वेला वाऱ्याने शिकवलेले

संपन्न आणि शिस्तीच्या देशांनाही या परीक्षेतून सूट मिळालेली नाही. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांमधील गिमसोयस्ट्राउमेन पूल १९८१ मध्ये खुला झाला. तो अशाच तोलून बांधलेल्या काँक्रीट तुळईचा. एका तपातच त्यात क्लोराइडचे प्रमाण चिंताजनक वाढल्याचे दिसून आले. नॉर्वेच्या रस्ते प्रशासनाने १९९०च्या दशकात हा पूल दुरुस्तीच्या निरनिराळ्या पद्धतींची प्रयोगशाळाच केला.

तेथे एक अनपेक्षित निरीक्षण हाती आले. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूपेक्षा आडोशाच्या बाजूला अधिक मीठ साठले होते. वाऱ्याच्या बाजूला पाऊसही झोडपतो आणि मीठ धुऊन नेतो. आडोशाला भोवऱ्यांबरोबर येणारे मीठ बसते, ते धुण्यास पाऊस पोहोचत नाही. म्हणजे समुद्राकडून जी बाजू सुरक्षित वाटते, तीच अधिक धोक्यात असू शकते. पाहणी कोठे करावी, हे सवयीने न ठरवता मोजमाप करून ठरवले पाहिजे, असे या पुलाने दाखवून दिले.

त्याच सुमारास ब्रिटनलाही धक्का बसला होता. वेल्समधील इनिस-इ-ग्वास हा छोटा पूल १९८५ मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला. केबलींच्या नळ्यांत भरलेल्या सिमेंटच्या पातळ मिश्रणात पोकळ्या राहिल्या होत्या आणि सांध्यांतून खारट पाणी आत पोहोचले होते. हे मीठ समुद्राचे नसून हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले होते. १९९२ मध्ये ब्रिटनने अशा बंदिस्त केबलींचे नवे पूल काही काळ थांबवले आणि नियम कडक केल्यानंतरच पुन्हा परवानगी दिली. इटलीतील जेनोवा येथे १४ ऑगस्ट २०१८ रोजी मोरांडी पूल कोसळून ४३ जणांचा बळी गेला, तेव्हाही काँक्रीटच्या आत झाकलेल्या, गंजलेल्या केबलींकडेच तपासाची दिशा वळली.

पस्तीस मिलिमीटरचे अंतर

या धड्यांतून भारतानेही नियम बदलले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०११ मधील ११२ क्रमांकाच्या संहितेत परिसरानुसार पुलांचे चार वर्ग आहेत. सर्वांत सौम्य वर्गात पोलादावर किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन लागते. भरती-ओहोटी आणि तुषारांच्या पट्ट्यासाठी, म्हणजे सर्वांत कठोर वर्गात, ते ७५ मिलिमीटर असावे लागते. दर घनमीटर काँक्रीटमध्ये किमान सिमेंट ३४० किलोवरून ४०० किलोवर जाते. सिमेंटच्या मानाने पाण्याचे प्रमाण ०.४५ वरून ०.३५ वर उतरते, कारण जादा पाणी उडून गेल्यावर मागे छिद्रेच उरतात.

समुद्रापासून दूरचा आणि खाडीवरचा पूल यांत वरवर पाहता फक्त ३५ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम दोन बोटांचा फरक आहे. क्लोराइडला पोलादापर्यंत पोहोचण्यासाठी हे जास्तीचे अंतर पार करताना अनेक वर्षे लागतात. अर्थात ही वर्षे कागदावरच्या आच्छादनातून मिळत नाहीत, प्रत्यक्षात बसवलेल्या आच्छादनातून मिळतात. सळया नीट जागेवर न बांधल्याने आच्छादन ठिकठिकाणी कमी पडले, काँक्रीट पुरेसे दाबले गेले नाही, किंवा उन्हाळ्यात त्याला पाणी मारण्यात हयगय झाली, तर संहितेतील आकडे निरर्थक ठरतात.

अन्य उपायही रुळले आहेत. सिमेंटमध्ये पोलाद कारखान्यांतील धातुमळीची भुकटी किंवा औष्णिक वीज केंद्रांतील राख मिसळल्याने छिद्रे बारीक होतात आणि क्लोराइडचा प्रवास मंदावतो. बिजागऱ्या टाळून गाळे एकसंध केले जातात, त्यामुळे गळणारे सांधे कमी होतात. केबलींसाठी गंजणाऱ्या धातूच्या नळ्यांऐवजी प्लॅस्टिकच्या नळ्या वापरल्या जातात. काही ठिकाणी केबली तुळईच्या पोकळ पोटात, काँक्रीटबाहेर ठेवतात. त्या डोळ्यांनी पाहता येतात आणि गरज पडल्यास बदलता येतात. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, शिवडी ते न्हावा-शेवा दरम्यानचा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू शंभर वर्षांच्या आयुष्याचे गणित मांडून रचला गेला आहे. त्याच्या सर्वांत लांब गाळ्यांसाठी पोलादी तुळया वापरण्यात आल्या, उरलेला बहुतांश मार्ग काँक्रीटचा आहे.

उद्घाटनानंतरचे काम

तरीही शंभर वर्षांचे आयुष्य हे आश्वासन नसते. त्याला अट असते, आणि ती अट देखभालीची असते. पाण्याचा निचरा करणाऱ्या नळ्या तुंबू न देणे, सांध्यांतील रबर वेळेवर बदलणे, बेअरिंग तपासणे, काँक्रीटचे नमुने काढून क्लोराइड कोठवर पोहोचले ते मोजणे, तुळईच्या पोटात शिरून केबलींची टोके पाहणे, ही कामे कोनशिलेवर कोरली जात नाहीत. त्यांचा खर्च नव्या पुलाच्या खर्चापुढे अल्प असतो. मात्र अंदाजपत्रकात पहिली कात्री अनेकदा त्यांनाच लागते.

या दिरंगाईची किंमत जुनी झालेली नाही. गुजरातमध्ये मही नदीवरील, १९८५ पासून वापरात असलेल्या गंभीरा पुलाचा गाळा ९ जुलै २०२५ रोजी कोसळला, वाहने नदीत पडली आणि अनेकांचे प्राण गेले. प्रत्येक दुर्घटनेनंतर देशभर पुलांच्या तपासणीचे आदेश निघतात. तपासणी घटनेनंतर न होता वेळापत्रकानुसार व्हावी आणि तिचे निष्कर्ष त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांना पाहता यावेत, ही मागणी म्हणूनच रास्त ठरते.

लखनौच्या अभियंत्यांनी गोड्या पाण्याचा अनुभव घेऊन खाऱ्या खाडीवर पूल बांधला, तेव्हा त्यांच्या शेजारी पहिल्या पुलाचा गंजलेला धडा उभा होता. तसा धडा प्रत्येक नव्या पुलाला शेजारी मिळेलच असे नाही. वाशीच्या पुलावरून गाडी पुढे निघून जाते, खाली भरती येते आणि ओसरते. दर भरतीला थोडे मीठ मागे राहते. ते कोठवर पोहोचले, हे मोजत राहणाऱ्यांच्या हातीच पुलाचे आयुष्य असते.